पिस्तुलाची मूठ : लांकूड कीं रबर ?

हत्यार कोणतेंहि असो, त्याचें एक टोंक शत्रूकडे असतें आणि दुसरें धरणाऱ्याच्या हातांत. इतिहासकारांनीं लिहिलें तें बहुधा पहिल्या टोंकाविषयीं. तलवारीचें पातें कोठलें, बंदुकीची नळी किती लांब, गोळी किती अंतरावर जाते, याचीं वर्णनें ग्रंथोग्रंथीं आढळतात. मुठीला मात्र एखाद्या ओळीहून अधिक जागा क्वचितच मिळते. वास्तविक हत्यार आणि मनुष्य यांची गांठ पडते ती मुठीशींच. तेथें हात घसरला कीं पातें कितीहि पाणीदार असलें तरी व्यर्थ. पिस्तुलाच्या बाबतींत तर हें अधिकच खरें आहे. बंदुकीला दोन हात आणि खांदा मिळतो. पिस्तुलाला सारा आधार तळव्याचा. हा तळवा लांकडावर टेकावा कीं रबरावर, असा वाद नेमबाजांत चालतो, आणि रबर ही अलीकडची टूम आहे असें लांकडाचे अभिमानी समजतात. ती समजूत बरोबर नाहीं. रबरी मूठ शंभर वर्षांहून पुष्कळ जुनी आहे, आणि महाराष्ट्राच्या इतिहासांतील एका प्रसिद्ध रात्रीं ती एका तरुणाच्या हातांत होती.

त्या रात्रीकडे वळण्यापूर्वीं लांकडाची हकीकत पाहिली पाहिजे. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी, आष्टी, कारंजा या बाजूला जें जंगल आहे त्यांत साग आहे, धावडा आहे, तिवस आहे, आणि विड्यांच्या पानांसाठीं ठाऊक असलेली टेंभुर्णीहि आहे. तिकडच्या सुताराला मुठीचें शास्त्र कोणी शिकवावें लागत नाहीं. कुऱ्हाडीला दांडा करावयाचा तर तो धावड्याचा धुंडतो. गाडीच्या आणि नांगराच्या सामानाला तिवस किंवा बाभूळ पाहतो. साग मोलाचा खरा, पण तो घराच्या तुळईला आणि दाराला. घाव घालतांना जो झटका बसतो तो सोसण्याचा चिवटपणा धावड्यांत आहे, सागांत तितका नाहीं. शिवाय दांड्याला तो रोगण लावीत नाहीं. उघड्या लांकडाला हाताचा घाम आणि तेल लागत लागत जी झिलई येते, ती रोगणापेक्षां चांगली धरते हें त्याला अनुभवानें माहीत असतें. युरोपांतील बंदूक कारागिरांनीं ज्या कसोट्या लावून आक्रोडाचें लांकूड निवडलें त्या याहून फारशा निराळ्या नव्हत्या. आक्रोड वजनानें बेताचा, वाळल्यावर फारसा न वांकणारा, धक्क्यानें न फुटणारा, आणि बारीक चौकड्यांच्या खांचा पाडल्या तरी कडा न झडणारा असतो. या खांचा शोभेसाठीं नसतात. घामट हाताला पकड मिळावी म्हणून त्या असतात. दिसावयास त्या सुंदर झाल्या ही कारागिराची जादा कमाई.

मराठ्यांच्या तलवारीची मूठ बहुधा लोखंडाची असे. पात्याचें मागचें निमुळतें टोंक पोकळ मुठींत घालून राळ किंवा लाख ओतून तें पक्कें करीत. पिस्तूल हातांत आलें तेव्हां प्रथमच तळव्याखालीं लांकूड आलें, कारण चकमकीच्या पिस्तुलाचा सगळा देहच लांकडी असे. नळी लांकडाच्या खोबणींत निजलेली, चाप त्याच लांकडांत बसविलेला, आणि तेंच लांकूड मागें वांकून मूठ झालेलें. मूठ बदलावयाची म्हणजे सारें पिस्तूलच बदलावयाचें.

ही स्थिति पालटली ती एकोणिसाव्या शतकांत. अमेरिकेंतील सॅम्युअल कोल्ट यानें १८३६ सालीं फिरत्या कोठ्यांच्या पिस्तुलाचें, म्हणजे रिव्हॉल्व्हरचें, पेटंट अमेरिकेंत घेतलें. फिरता कोठा नळीशीं दर वेळीं नेमका जुळावा म्हणून लोखंडी सांगाडा लागतो, आणि असे सांगाडे यंत्रावर होऊं लागल्यावर तो सांगाडा मुठीपर्यंत खालीं उतरला. लांकडाचें पूर्वीचें काम संपलें. पूर्वीं तें आधार होतें, आतां तें भरणी झालें. लोखंडाच्या दोन बाजूंना तळव्याला भरीव वाटावें म्हणून दोन फळ्या स्क्रूनें बसविल्या कीं झालें. आणि भरणी म्हटली कीं ती कशाचीहि करतां येते. हस्तिदंताची झाली, शिंगाची झाली, आणि लौकरच रबराचीहि झाली.

रबर म्हटलें कीं मोटारीची धांव किंवा पोरांचा चेंडू डोळ्यांपुढें येतो. पिस्तुलावर प्रथम चढलें तें रबर तसलें नव्हे. झाडाचा चीक नुसता वाळवला तर तो उन्हाळ्यांत चिकट होतो आणि थंडींत कडक. गंधकाबरोबर तो तापविला असतां हा दोष जातो, हें चार्ल्स गुडइअर याला १८३९ सालीं आढळलें. गंधक थोडें, म्हणजे शंभर भाग रबरास दोन-तीन भाग, घातलें तर मऊ आणि लवचिक रबर मिळतें. तेंच तीस ते पन्नास भाग घालून पुष्कळ वेळ तापविलें तर काळाभोर, दगडासारखा कठीण पदार्थ तयार होतो. चार्ल्सचा भाऊ नेल्सन गुडइअर यानें १८५१ सालीं या कठीण रबराचें पेटंट घेतलें. त्याला कोणी व्हल्कनाइट म्हणत, कोणी एबोनाइट. या दुसऱ्या नांवांत एक गंमत आहे. एबनी म्हणजे आबनूस. त्याच्या लांकडासारखें काळें आणि गुळगुळीत म्हणून एबोनाइट. आणि हिंदुस्थानांतील आबनूस म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून टेंभुर्णीच्या खोडाचा काळा गाभा. आर्वीच्या रानांत जिचीं पानें विडीसाठीं तोडतात त्या झाडाच्या गाभ्याची नक्कल विलायतेंतील कारखाने गंधक आणि चीक यांतून करीत होते. रबरानें लांकडाला हुसकून लावलें खरें, परंतु तें लांकडाचेंच सोंग घेऊन.

१८८० च्या सुमारास अमेरिकेंतील कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन्ही कारखान्यांच्या पिस्तुलांवर कठीण रबराच्या मुठी दिसूं लागल्या. इंग्लंडांत १८८७ सालीं सरकारनें बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचें रिव्हॉल्व्हर सैन्यासाठीं पत्करलें. त्याच्याहि मुठीवर व्हल्कनाइटच होतें. त्यापूर्वींच्या सरकारी एनफील्ड रिव्हॉल्व्हरची मूठ आक्रोडाची होती. हिंदुस्थानांत गोरे अधिकारी कमरेला जें हत्यार लावून हिंडत तें पुढें अनेक वर्षें बहुतेक या वेब्लीच्या घराण्यांतलें. वर्धा जिल्हा १८६२ सालीं निराळा झाला, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरलें. तेव्हांपासून जिल्ह्यांतील सामान्य रयतेनें पिस्तूल पाहिलें असेल तर तें साहेबाच्या कमरेला, आणि त्याची मूठ तिला दिसली असेल ती काळी.

ही काळी मूठ कां आली, याचें उत्तर हाताच्या सोयींत नाहीं. व्हल्कनाइट आक्रोडापेक्षां हाताला अधिक मऊ नाहीं, धक्का तें कमी करीत नाहीं, आणि घाम आला असतां थोडें अधिकच निसटतें. त्याचा गुण कारखानदाराच्या दृष्टीचा होता. आक्रोडाची फळी वर्षानुवर्षें वाळवावी लागते, मग कापावी, घांसावी, आणि कसबी माणसानें एकेक खांच हातानें पाडावी. रबराचा गोळा सांच्यांत दाबून तापविला कीं खांचांसकट, कंपनीच्या शिक्क्यासकट मूठ बाहेर येते. हजारावी मूठ पहिलीसारखीच. कोणतीहि कोणत्याहि पिस्तुलावर बसते. सरकारच्या कोठाराला याहून अधिक काय पाहिजे ? तात्पर्य, लांकूड हरलें तें धरणाराच्या हातांत नव्हे, तर खरेदी करणाराच्या वहींत.

ज्यानें तें वर्षानुवर्षें वागविलें त्याला व्हल्कनाइटचे दोष कळत. पिस्तूल फरशीवर पडलें कीं मुठीचा कोपरा टवका उडून जाई. लांकडाला असा टवका गेला तर आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या सुतारानेंहि नवीन फळी करून दिली असती. व्हल्कनाइटची मूठ बर्मिंगहॅमहूनच यावी लागे. उन्हांत राहून राहून काळा रंग विटे आणि मळकट तपकिरी होई. या रंगपालटाबरोबर रबरांतील गंधकापासून पृष्ठभागावर किंचित् आम्ल तयार होतें. वैशाखांत जेथें पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि आषाढांत जेथें कपाटांतल्या जोड्याला बुरशी येते, त्या वऱ्हाड-नागपुरच्या हवेंत हे दोष विलायतेपेक्षां लौकर दिसावयाचे, हें सांगावयास नकोच. लांकडालाहि ही हवा सोपी नाहीं. उन्हाळ्यांत तें आखडतें आणि पावसाळ्यांत फुगतें. चांगलें न वाळविलेलें असेल तर स्क्रूच्या भोकाशीं चीर जाते. पण तेल पाजलेली जुनी आक्रोडी मूठ अशा दहा-वीस पावसाळ्यांनंतरहि कामाला येते, आणि चीर पडलीच तर ती भरतां येते.

आतां नाशिककडे वळूं. विनायक दामोदर सावरकर लंडनमध्यें असतांना १९०९ सालच्या आरंभीं त्यांनीं चतुर्भुज अमीन या इंडिया हाउसमधील स्वयंपाक्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यांतून वीस ब्राउनिंग पिस्तुलें हिंदुस्थानांत पाठविलीं. त्या वर्षीं २१ डिसेंबरच्या रात्रीं नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या खेळाला कलेक्टर जॅक्सन आला असतां अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणानें त्याला गोळ्या घालून ठार केलें. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी झाली. या पिस्तुलांच्या प्रकरणानें सावरकरांनाहि पुढें काळें पाणी दाखविलें. या साऱ्या कथेचा राजकीय अर्थ पुष्कळांनीं पुष्कळ प्रकारें लावलेला आहे. येथें प्रश्न तेवढा मुठीचा. ब्राउनिंग पिस्तुलें बेल्जममध्यें लीएज शहराजवळ एर्स्ताल येथील राष्ट्रीय शस्त्रकारखान्यांत होत, आणि त्या काळच्या त्यांच्या खिशांतील पिस्तुलांवर काळ्या कठीण रबराच्या, सांच्यांत काढलेल्या फळ्या असत. म्हणजे त्या काळांत सरकारी अधिकाऱ्याच्या कमरेचें वेब्ली घ्या किंवा त्याच्यावर उठलेल्या क्रांतिकारकाचें ब्राउनिंग घ्या, दोघांच्याहि तळव्याखालीं एकच पदार्थ होता. लांकूड कीं रबर हें त्यांच्यापैकीं कोणीहि ठरविलेलें नव्हतें. तें कारखान्यानें ठरविलें होतें.

आणि हें रबर कोठून येई ? मलायांतील लागवडीचें रबर बाजारांत मोठ्या प्रमाणावर यावयास अद्याप अवकाश होता. जगाचा मोठा पुरवठा रानटी वेलींचा आणि झाडांचा, अमेझॉनच्या अरण्यांतून आणि आफ्रिकेंतील कांगोमधून. १८८५ पासून १९०८ पर्यंत कांगो ही बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जवळजवळ खाजगी मालमत्ता होती. तेथल्या गांवांवर चिकाचा ठरीव वांटा बसविलेला असे. तो भरला नाहीं कीं बायकापोरें ओलीस धरीत, गांवें जाळीत. आणि शिपायांनीं काडतूस फुकट घालविलें नाहीं याचा पुरावा म्हणून मारलेल्यांचे, कित्येकदां जिवंत माणसांचेहि, हात तोडून आणीत. असे हात तुटलेल्या मुलांचीं छायाचित्रें पुढें युरोपभर प्रसिद्ध झालीं आणि त्या लोकक्षोभामुळें १९०८ सालीं राजाला कांगो बेल्जम सरकारच्या स्वाधीन करणें भाग पडलें. तें सारें रबर अँटवर्पच्या बंदरांत उतरे. हाताला पकड मिळावी म्हणून जो पदार्थ मुठीवर आला, तो गोळा करतांना हातच तुटत होते. मुठीच्या इतिहासांत ही गोष्ट सहसा कोणी लिहीत नाहीं.

त्याच १९०९ सालच्या नोव्हेंबरांत, नाशिकच्या घटनेपूर्वीं महिनाभर, मोहनदास गांधी ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परत जात होते. लंडनमध्यें ज्या तरुणांशीं त्यांची गांठ पडली त्यांच्या पिस्तुलाच्या मार्गाला उत्तर म्हणून त्यांनीं बोटीवरच ‘हिंद स्वराज्य’ लिहून काढलें. पुढें १९३४ मध्यें ते वर्ध्याला आले, मगनवाडींत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, आणि १९३६ पासून शेगांव, म्हणजे पुढचें सेवाग्राम, हें त्यांचें ठिकाण झालें. वर्ध्याच्या या मंडळींना हत्यारांत रस नव्हता, पण अवजारांत फार होता. चरख्याची मूठ कोणत्या लांकडाची असावी, घाणीचें लांकूड गांवच्या सुताराला मिळेल कीं नाहीं, अशा प्रश्नांवर तेथें गंभीरपणें विचार होई. जी वस्तु गांवांत दुरुस्त होत नाहीं ती गांवाला परावलंबी करते, हें तेथील मुख्य सूत्र होतें. बर्मिंगहॅमहून मूठ मागविणाऱ्या साहेबाला तें कळलें असतें तर बरें झालें असतें. १९४८ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं गांधींचा सेवाग्रामास जाण्याचा बेत होता. ३० जानेवारीला दिल्लींत त्यांचा खून झाला. नथुराम गोडसे याच्या हातांतील इटालियन बेरेटा पिस्तुलाची जात १९३४ सालची. तिच्या मुठीवर लांकूड नव्हतें आणि रबरहि नव्हतें, तर धातूच्या पत्र्यावर बसविलेलें काळें प्लास्टिक होतें. एबोनाइटची जागा तोंवर प्लास्टिकनें घेतलेली होती.

ही जागा कशी गेली तें थोडक्यांत सांगतां येईल. १९०७ मध्यें बेकलंड यानें बेकेलाइट काढलें. तें सांच्यांत एबोनाइटपेक्षां लौकर घट्ट होतें आणि त्याला झाडाचा चीक लागत नाहीं. १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडलें, मलायाचें रबर जपानच्या हातीं गेलें, आणि दोस्त राष्ट्रांत रबराचा तोळा तोळा मोजून देण्याची पाळी आली. इंग्रज सैन्याच्या १९३२ च्या नव्या एनफील्ड रिव्हॉल्व्हरवर सरकारनें पुन्हा आक्रोडाची मूठ बसविली होती. महायुद्धाच्या घाईंत तिच्याबरोबर बेकेलाइटच्याहि मुठी निघाल्या. कठीण रबराचा काळ येथें संपला.

आज ज्याला रबरी मूठ म्हणतात तिचें कुळ निराळें आहे. ती मऊ आहे, आणि तिचा जन्म कोठाराच्या सोयीसाठीं झालेला नाहीं. अमेरिकेंत १९३५ सालीं .३५७ मॅग्नम आणि १९५५-५६ च्या सुमारास .४४ मॅग्नम हीं फार जोरदार काडतुसें निघालीं. वेब्लीचें शेवटचें मोठें रिव्हॉल्व्हर एक किलोहून जड होतें आणि त्याची गोळी संथ. धक्का बसे तो ढकलल्यासारखा. मॅग्नमचा धक्का तडाख्यासारखा येतो. कारखान्याच्या लांकडी मुठींत चापाच्या कड्यामागें पोकळी राही. तेथें लोखंड मधल्या बोटाच्या पेरावर आदळे, आणि मुठीच्या बारीक माथ्याचा सारा मार अंगठ्याच्या मुळाशीं बसे. दिवसभर सराव करणाऱ्याचा हात सुजे. आणि सुजण्याच्या भीतीनें तो चाप ओढण्यापूर्वींच मनगट आंखडी, म्हणजे नेम चुके. ही पोकळी भरून काढणाऱ्या आणि धक्का थोडा लांबवून तळवाभर पसरविणाऱ्या मऊ रबराच्या मुठी लॉस एंजेलिसच्या पॅकमायर या बंदूक कारागिरानें प्रसिद्धीस आणल्या. त्याच शहरांतील गाय होग या पोलिसानें १९६८ सालीं मुठी करावयास आरंभ केला, तो स्वतःच्या आणि सोबत्यांच्या हातासाठीं. येथें प्रथमच मूठ कशाची असावी हें धरणारानें ठरविलें.

या मऊ रबराची वाखाणणी करतांना त्याचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. नैसर्गिक रबर तेलानें फुगतें, उन्हानें आणि हवेंतील ओझोननें त्याला भेगा पडतात. म्हणून आजच्या चांगल्या मुठी बहुधा कृत्रिम रबराच्या असतात. रबराला कापड चिकटतें, त्यामुळें सदऱ्याखालीं पिस्तूल बाळगणाऱ्याच्या सदऱ्याचा आकार मुठीवर अडकून उंच होतो, आणि पिस्तूल काढतांना बोटें सरकवून पकड नीट करावी म्हटलें तर तीं सरकत नाहींत. लांकूड बोटांना थोडी जागा बदलूं देतें. शिवाय लांकूड कानशीनें घांसून एखाद्याच्या हाताच्या मापाचें करतां येतें. आखूड बोटांच्या माणसाला हा लाभ लहान नाहीं. म्हणून हलक्या काडतुसाच्या, एकाच्याच हातांत राहणाऱ्या पिस्तुलाला चांगल्या वाळलेल्या लांकडाची, चौकड्यांच्या खांचा असलेली मूठ आजहि सरस ठरते. जोरदार काडतूस असेल, किंवा एकच हत्यार पाळीपाळीनें अनेकांच्या घामट हातांत जात असेल, तर मऊ रबराला तोड नाहीं. १९८२ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यानें ग्लॉक पिस्तूल घेतलें. त्यांत मूठ आणि सांगाडा मिळून प्लास्टिकचा एकच तुकडा आहे. तेथें फळ्याच नाहींत, तेव्हां त्या कशाच्या असाव्या हा प्रश्नहि नाहीं. तरी लोक त्यावर रबराचा पट्टा चढवितातच.

विदर्भाच्या हवेंत एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांनीं ध्यानांत ठेवावयाची आहे. रबरी मूठ लोखंडाला घट्ट बिलगून बसते, आणि घामाचें व पावसाचें पाणी एकदां तिच्या आंत शिरलें कीं तें लौकर वाळत नाहीं. बाहेरून मूठ स्वच्छ दिसते आणि आंत सांगाडा तांबेरतो. लांकडाखालीं हें कमी होतें, पण होतच नाहीं असें नाहीं. गोळ्या काढून पिस्तूल रिकामें असल्याची खात्री करून घ्यावी, मग पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या शस्त्रपूजेपूर्वीं, मुठीचा स्क्रू काढून दोन्ही फळ्या उतरवाव्या, खालचें लोखंड कोरडें पुसून त्यावर तेलाचा पुसट हात द्यावा, आणि फळ्या दिवसभर सावलींत वाळवून मगच पुन्हा बसवाव्या.